उष्टा चंबू

धर्मराज तळेकरला जालन्याच्या कॉलेजातली पोरं मागून 'राख सर' म्हणायची. त्यामागचं कारण अगदी साधं होतं. नोकरीला लागला त्या पहिल्याच आठवड्यात हा गडी घरून कागदाच्या पुडीत चुलीची राख घेऊन रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आला आणि तिथल्या परीक्षानळ्या, चंबू, सगळी काच स्वतः घासायला बसला. काचेला राख लावली की बारीक ओरखडे पडतात, हे एमेस्सी झालेल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? चांगलं ठाऊक होतं. पण हाताला लागलेलं वळण डोक्याला विचारून थोडंच चालतं! विभागप्रमुखांनी डोळे वटारले तेव्हा राख बंद झाली, तिच्या जागी साबण, ब्रश आणि काचेवरची घाण जाळून काढणारं नारिंगी आम्ल आलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

हे वळण आत्याच्या घरचं. धर्मराज मूळचा हसनाबादचा, शेतकऱ्याचा पोरगा. एक्क्याऐंशी साली दहावी झाला तेव्हा वडिलांनी, तातेरावांनी, एका लोखंडी पेटीसकट त्याला जालन्यात कादराबादेला आपल्या थोरल्या बहिणीच्या दारात आणून सोडलं. ही द्वारकाबाई. पदरी मूलबाळ नाही, नवरा रामकिसन एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आणि जीभ अशी की गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्या दारावरून शेपूट सांभाळून जायची. पहिल्या दिवशी तिनं भाच्याला पोटभर जेवू घातलं आणि हात धुवायच्या आत घरचा कायदा सांगितला.

"हे बघ धर्मा, माझ्या घरात खा, पी, अभ्यास कर, काय पाहिजे ते कर. पन उष्टं भांडं रातचं राहू द्यायचं न्हाई. बरकत जाती घराची. ज्यानं खाल्लं त्यानं घासायचं, मंग तो गडी असो का बाई."

गडी माणसानं भांडी घासायची हे हसनाबादेत कुणी ऐकलं असतं तर हसून लोळलं असतं. धर्मराज मात्र निमूट मोरीत बसला. त्याचं घासून झालं की आत्या ताट उजेडात धरायची, त्यात तोंड दिसलं नाही तर ते ताट परत मोरीत. पुढे पुढे त्याचं ताट असं चमकायला लागलं की शेजारणी म्हणायच्या, द्वारकाबाई, भाच्याच्या लग्नाची बोलणी करताना त्याची मार्कलिस्ट नका दाखवू, भांडी दाखवा!

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात, धर्मराज बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात जाणार असताना, आत्याला नागीण झाली. पाठीपासून कंबरेपर्यंत फोडांचा पट्टा उठला. आपल्याकडे नागिणीची धास्ती काही वेगळीच. तिनं कंबरेला वेढा घातला आणि तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगतं. तोंड कधी शेपटीला मिळत नाही, ती अर्ध्या अंगावरच थांबते, पण हे सांगून कुणाला पटलंय? गेरूचा लेप झाला, कुणा म्हाताऱ्यानं येऊन पुटपुटून फुंकर घातली. फोड वाळले. दुखणं मात्र कातडीच्या आत राहिलं. झंपराचं कापड घासलं तरी बाई कळवळायची. सगळ्या गल्लीला धाकात ठेवणारी ही बाई भिंतीकडे तोंड करून मुकाट बसून राहायची. तिच्या तोंडच्या शिव्या ऐकू याव्यात म्हणून धर्मराजनं एकदा मुद्दाम ताट तेलकट ठेवलं. तिनं ते पाहिलंसुद्धा नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. नागीण हा साप नाही, विषाणू आहे. मज्जातंतूत दबा धरून बसतो. त्याच्यावरचं औषध परदेशात निघालंय, सुरुवातीलाच दिलं असतं तर दुखणं इतकं लांबलं नसतं, पण आपल्याकडे ते अजून सहजी मिळत नाही. धर्मराजनं औषधाचं नाव विचारून घेतलं. एमेस्सीला औरंगाबादला गेला तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यानं पहिलं काम केलं ते त्या औषधाची माहिती शोधायचं. वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं की विषाणूची कुंडली ज्या रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते, त्यातलंच हे औषध म्हणजे एक बनावट अक्षर आहे. सुट्टीत घरी आल्यावर त्यानं ते आत्याला तिच्याच भाषेत सांगितलं.

"आत्या, तुझ्या तोरड्यांची साखळी बघ. एका कडीत दुसरी, दुसरीत तिसरी. विषाणूची पोरंबाळं जन्मतात ती अशीच साखळी ओवून. प्रत्येक कडी म्हणजे थोडी साखर अन् तिला जोडलेला एक तुकडा. त्या साखळीला न्यूक्लिक आम्ल म्हणतात. आता समज, सोनारानं मधीच एक कडी अशी घातली, की दिसायला बाकीच्यांसारखी, पन तिच्यात पुढची कडी अडकवायला जागाच न्हाई."

"मंग साखळी तिथंच खुंटली की."

"खुंटली! विषाणू ती कडी आपलीच समजून घेतो अन् तिथंच थांबतो."

"म्हंजे त्याला फसवायचं."

"बराबर फसवायचं."

आत्यानं पाठीचं कापड जरा सैल केलं आणि म्हणाली, "मंग फसव की. हितं बसून मला काय सांगून राह्यला?"

झालं. विद्यापीठातली समिती, विषयाची मंजुरी वगैरे सगळं पुढे सवडीनं झालं, पण खरी मंजुरी कादराबादेतल्या त्या मोरीशेजारी मिळाली होती.

एमेस्सी झाली, जालन्यातच कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं आणि उषा घरात आली. घर अर्थात आत्याचंच. तिला सोडून वेगळी चूल मांडायचा विचार दोघांच्याही मनात आला नाही. आत्याचं दुखणं एव्हाना बोथट झालं होतं, पण ढगाळ हवेत अजून ठणकायचं. त्र्याण्णव साली धर्मराजनं विद्यापीठातले अप्पाराव मोहिते सर यांच्याकडे पीएचडीला नाव घातलं. मोहिते सर बदललेल्या न्यूक्लिक आम्लांवर काम करायचे. बोलायला तुटक, हसायला त्याहून तुटक, पण विद्यार्थ्याची वही तपासायला बसले की जेवण विसरायचे. धर्मराज आठवडाभर कॉलेजात शिकवायचा, तास संपले की प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत स्वतःचं काम करायचा आणि शनिवारी औरंगाबादची गाडी धरायचा.

त्या खोलीचं वर्णन करण्यासारखं काही नाही. एक ओटा, एक नळ, एक खिडकी. वीज तिच्या मर्जीची. उन्हाळ्यात खोली अशी तापायची की ईथरची बाटली उघडी टाकली तर पाठ वळेपर्यंत अर्धी उडून जावी. बर्फ लागला की धर्मराज सायकलवर पोत्यात गुंडाळून लादी आणायचा आणि निम्मी लादी वाटेतच रस्त्याला पाजायचा. गावातल्या लोकांना वाटायचं, सर साखरेवर संशोधन करतात म्हणजे बहुतेक कारखान्याचं काम असेल. दोघंतिघं तर पोरांना चिकटवून घ्या म्हणून येऊनही गेले.

एक एक पायरी चढत शहाण्णवच्या अखेरीस तो शेवटच्या जोडणीपर्यंत पोचला. साखर तयार होती, तिच्यावरची पुढची कडी अडकवायची जागा त्यानं काढून टाकली होती. तिला जोडायचा तुकडाही तयार होता. घोडं पेंड खात होतं ते निराळ्याच ठिकाणी. त्या तुकड्याला जणू दोन हात होते, आणि साखर दोहोंपैकी कोणताही हात धरू शकत होती. उजवा धरला तर बनावट अक्षर हुबेहूब होणार, विषाणू फसणार. डावा धरला तर सगळी मेहनत पाण्यात. जोडणी तर झाली, पण हात कोणता धरला?

यंत्रावर काढलेले आलेख 'उजवा' म्हणत होते, पण छातीठोकपणे नाही. खात्रीचा मार्ग एकच होता. पदार्थाचा स्फटिक मिळवायचा, त्यातून क्ष-किरण सोडायचे, मग प्रत्येक अणू कुठे बसलाय ते दिसतं. आणि धर्मराजच्या पदार्थाचा तर पाक झाला होता. चांगला दाट, चिकट, मधाच्या रंगाचा पाक. काही केल्या दाणा धरेना.

विद्यापीठाच्या समितीत एक गृहस्थ होते. बोलणं गोड आणि धार सुरीची. धर्मराजनं सादर केलेले आलेख त्यांनी बोटानं हळूच बाजूला सारले.

"तळेकर, पाकातून प्रबंध निघत नसतो. खडा आणा, आम्ही सही करतो."

वर्गातली पोरं हसतात त्याचं काही वाटत नाही, पण बरोबरीची माणसं हसली की लागतं. समितीतले सगळे हसले आणि धर्मराजचे कान तापले. मोहिते सर हसले नाहीत, पण बाहेर आल्यावर त्यांनीही स्पष्ट सांगितलं. रचना पक्की झाल्याशिवाय नमुना परदेशात विषाणूवर तपासायला पाठवणार नाही. हात कोणता धरलाय तेच ठाऊक नसताना निकालाला अर्थ काय? मुदतवाढही शेवटची होती. नव्याण्णव साल सरायच्या आत खडा मिळाला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे इतक्या वर्षांचं सगळं काम त्या मधाच्या रंगाच्या पाकात बुडणार, आणि विषाणू फसतो की नाही हे कधीच कळणार नाही.

त्यानं काय नाही केलं? नाना द्रावकं वापरली. बर्फात ठेवलं, उन्हात ठेवलं. काचकांडीनं चंबूच्या आतली भिंत खरवडली, कारण ओरखड्यावर कधी कधी पहिला दाणा धरतो. पाण्याचा अंश राहू नये म्हणून प्रत्येक द्रावक कोरडं ठणठणीत करून घेतलं. उषानं पिंपळगावच्या रेणुकाईला नारळ बोलला तो वेगळाच, आणि तिथल्या वाऱ्या करून करून तिच्या चपलांचा अंगठा तुटला. आत्या तर रोज दार उघडतानाच विचारायची, "झाली का रे तुझी खडीसाखर?"

"न्हाई आत्या."

"साखरंचा खडा व्हायला इतकी वरसं? आपला हलवाई तर दोरी सोडून करतो."

मोहिते सर म्हणायचे, "तळेकर, तुम्हाला बीज मिळत नाहीये. एक कण मिळाला ना, तो विरजणासारखा पाकात टाकला की सगळा पाक दाणा धरेल." हे धर्मराजलाही माहीत होतं. पण विरजण लावायला विरजण लागतं, आणि ज्या पदार्थाचा खडा आजवर जगात कुणी पाहिलाच नाही त्याचं पहिलं विरजण कुणाच्या घरी मागायला जायचं?

आणि रोज संध्याकाळी हा गडी काय करायचा? प्रत्येक चंबू, प्रत्येक बशी, गळ्याशी लागलेला थेंब न थेंब धुऊन लख्ख करून, उजेडात धरून बघून मगच खोलीला कुलूप लावायचा. प्रयोगशाळेत साहेबराव नावाचा शिपाई होता, धुण्याचं काम खरं तर त्याचं. पण त्यानं धुतलेलं धर्मराजला कधी पसंत पडलं नाही. एकदा तर त्यानं साहेबरावला सरळ बजावून टाकलं, "माझ्या खोलीतल्या भांड्याला हात लावायचा न्हाई." साहेबराव आधी रुसला, मग खुशीत आला, कारण बसल्या जागी काम कमी झालं होतं. पाकाचा उरलेला थेंब आठवडा-पंधरवडा निवांत पडून राहिला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न धर्मराजला पडायचा संभवच नव्हता. उष्टं भांडं रात्री राहू द्यायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलं होतं.

नव्याण्णवच्या सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका एकदमच आल्या. मास्तर लोकांना निवडणूक म्हणजे सुगीचं काम, कुणाची सुटका नाही. धर्मराजचं नाव राखीव यादीत होतं म्हणून तो निर्धास्त होता. त्या दुपारी त्यानं गोल बुडाच्या चंबूतला पाक छोट्या बाटलीत काढून घेतला, चंबू धुवायला नळाकडे वळला, आणि दारात तहसीलचा माणूस येऊन उभा राहिला.

"तळेकर सर तुमीच ना? चला. वाटूरच्या केंद्राध्यक्षाला ताप भरलाय, तुमचं नाव निघालं. जीप चालूच हाय."

"दोन मिनिटं. एवढा चंबू धुतो अन् निघतो."

"सर, परतूरला पेट्या घ्यायच्यात, लोकं थांबलेत. ही इलेक्शन ड्यूटी हाय, सासुरवाडी न्हाई. जल्दी करा."

धर्मराजनं नाइलाजानं चंबू खिडकीत ठेवला, धूळ जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडावर गाळणकागदाचा तुकडा टाकला आणि जीपमध्ये जाऊन बसला. जीप अंबड चौफुलीच्या पुढे गेली तरी त्याची मान मागेच वळत होती.

वाटूरच्या शाळेत त्यानं मतदान नियमानं पार पाडलं. बोटांना शाई लागली, दोन-दोन पेट्या सील झाल्या, दोन पक्षांचे पोलिंग एजंट भांडले आणि मिटलेही. पण त्याचं अर्धं चित्त खिडकीतल्या चंबूपाशी होतं. गावकऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली, जेवणं झाली, आणि केंद्राध्यक्ष साहेब उठून सगळ्यांची ताटं गोळा करून हापशावर घासायला बसले. बंदोबस्ताचा पोलीस घाबरला. त्याला वाटलं, साहेबांना काहीतरी झालं.

"साहेब, ठेवा हो, मी करतो."

"राहू द्या. एक भांडं मागं उष्टं ठेवून आल्तो, त्याची भरपाई करून राह्यलो," धर्मराज म्हणाला. पोलिसाला काही उमगलं नाही, पण बाहेरगावचे साहेब म्हणून त्यानं हापसा मारायला घेतला.

पेट्या जमा केल्या आणि धर्मराजला ताप भरला. वाटूरचा मूळचा केंद्राध्यक्ष बरा झाला होता, आता याची पाळी. पुढे लगेच गणपती, महालक्ष्म्या. कॉलेजला सुट्टी, आणि महालक्ष्म्या हसनाबादेतच बसत असल्यानं उषा आणि आत्या आधीच तिकडे गेलेल्या. तोही तिकडेच गेला. आईनं काढे पाजले. पावसाची झड लागली होती, सगळं घर ओलसर, आणि तापात हा बडबडायचा, "चंबू राहिला, चंबू राहिला." आईला वाटलं, पाण्याचा चंबू मागतोय. ती भरून आणून द्यायची.

सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या सकाळी धर्मराज साबण, ब्रश घेऊनच खोलीत शिरला. नळ सोडला. चंबू उचलला आणि गाळणकागद काढला. आत, गळ्यापासून खालपर्यंत, पांढरं काहीतरी माजलं होतं. बुरशी! ओल्या हवेत दुसरं काय होणार? त्याला स्वतःची लाज वाटली. आत्या म्हणते तेच खरं, उष्टं राहिलं की असंच होतं. त्यानं ब्रश आत घालायला हात उचलला, चंबू सवयीनं उजेडाकडे धरला आणि हात जागच्या जागी थांबला.

बुरशी चमकत नसते.

त्यानं काचेवर नखानं टिचकी मारली. गळ्याशी धरलेल्या बारीक बारीक सुया खळखळून बुडाशी पडल्या. नळाची धार वीतभर अंतरावर वाहत होती. एक क्षण आधी चंबू तिच्याखाली गेला असता तर! धर्मराजनं आधी नळ बंद केला, मग चंबू दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि तिथंच फरशीवर बसला.

साहेबराव दारात आला. "काय झालं सर? चक्कर आली का?"

"साहेबराव, ह्या चंबूला कुणी हात लावलाय?"

"आईची आण, न्हाई सर! तुमीच सांगितल्तं. म्या तर या खोलीत झाडू बी मारला न्हाई."

"लई उपकार केले, साहेबराव. लई उपकार." आणि धर्मराज हसायला लागला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हा हसत होता. साहेबरावनं आयुष्यात खोली न झाडल्याबद्दल कुणाचं कौतुक ऐकलं नव्हतं. तोही मग हसला.

त्यानंतरचं काम विरजणाचंच होतं. बाटलीतला पाक साध्या अल्कोहोलात पातळ केला. या खेपेला ते कोरडंही करून घेतलं नाही, कारण इतकी वर्षं कोरडेपणानं काय दिलं होतं? सुईच्या टोकाएवढा एक कण आत सोडला. पाक गढूळला, मग त्या कणाभोवती सुया फुटायला लागल्या, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि पहिला तास संपून पोरं वर्गाबाहेर पडेपर्यंत बाटली बुडापासून गळ्यापर्यंत पांढरीशुभ्र भरली होती. त्या दिवशी राख सरांनी वर्गात काय शिकवलं ते पोरांना आठवत नाही. सर मधूनच गात होते एवढं आठवतं.

दुपारच्या गाडीनं बाटली औरंगाबादला गेली, उषानं दिलेल्या पोळीच्या डब्यात, पोळीशिवाय. मोहिते सरांनी बाटली उचलली, वळवली आणि सरळ उलटी धरली. आतलं काही हललं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"तळेकर," ते म्हणाले, "विरजण लागलं." मग ते उठून स्वतः कँटीनला गेले आणि पेढे घेऊन आले. सरांना कुणासाठी जागेवरून उठताना विभागात आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

स्फटिक हैदराबादला क्ष-किरणांसाठी गेला आणि डिसेंबरात उत्तर आलं. उजवा हात. निःसंशय उजवा. प्रत्येक रेणूशेजारी पाण्याचाही एक रेणू पाहुण्यासारखा बसलेला दिसत होता, खिडकीतल्या पावसाळी हवेतून आत आलेला. त्याच्याशिवाय खडा बांधलाच गेला नसता, आणि धर्मराज इतकी वर्षं त्यालाच हाकलून देत होता. समितीतल्या त्या गृहस्थांनी चित्र उलटसुलट पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि सही केली. मुदत शिल्लक होती.

पुढच्या उन्हाळ्यात परदेशातला निकाल आला. धर्मराज तो घरी वाचून दाखवायला लागला. आत्यानं मध्येच अडवलं.

"माझ्या नागिणीवर चाललं का ते सांग."

"नागिणीच्या विषाणूवर चाललं, आत्या. पेशींना धक्का न लागता त्याची वाढ खुंटली. पन हे काचेच्या बशीत हां. औषध म्हणायला अजून लई लांब. हाये त्या औषधापेक्षा जोर बी कमी हाय."

"बशीत का होईना," आत्या म्हणाली, "खुंटली ना सटवी?"

"खुंटली."

तिनं पाठीवरून हात फिरवला, जिथं इतकी वर्षं ठणकत होतं तिथं. उठून देवापुढं साखर ठेवली आणि त्यातली चिमूट भाच्याच्या तोंडात घातली.

दोन हजार एक साली तोंडी परीक्षा झाली. सभागृहात तिसऱ्या रांगेत आत्या बसली होती, ठेवणीतलं इरकल नेसून, शेजारी रामकिसन मामा आणि उषा. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी ते समितीतले गृहस्थ उठले. आवाज तोच, गोड.

"तळेकर, प्रबंधात तुम्ही लिहिलंय, दीर्घकाळ स्थिर ठेवल्यावर स्फटिक मिळाले. इतकी वर्षं न मिळणारा खडा नेमका कसा मिळाला, ते जरा सांगाल का?"

धर्मराजची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. आत्याला त्यानं सगळं सांगितलं होतं, फक्त हे एक सोडून. खडा झाला, एवढंच सांगितलं होतं. जिनं पोटच्या पोरासारखं वाढवलं तिला, तुझ्या कायद्यानं माझी वर्षं धुऊन नेली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि तेही भरसभेत? पण विज्ञानाच्या सभेत खोटं बोलणं त्याला जमणार नव्हतं, आणि लपवाछपवी आत्यानं त्याला कधी शिकवली नव्हती.

"सर, चंबू धुवायचा राहिला होता," तो म्हणाला, आणि मग सगळं सांगून टाकलं. घरचा कायदा, रोजचं घासणं, वाटूर, ताप, बुरशी. सभागृह हसून हसून बेजार झालं. सगळ्यात जास्त हसले ते गृहस्थ. उठून त्यांनी धर्मराजचा हात हातात घेतला. टाळ्या वाजल्या. 'डॉक्टर तळेकर' म्हणून मोहिते सरांनी पहिली हाक मारली. आत्या मात्र हसली नाही. जालन्यापर्यंत गाडीत ती खिडकीबाहेरच बघत होती, आणि डॉक्टर झालेला माणूस शाळेतल्या पोरासारखा तिच्याकडे चोरून बघत होता.

घरी आल्यावर तिनं पदर खोचला आणि पुरण घातलं. दिवेलागणीला पंगत बसली. तिनं त्याला आग्रह करकरून वाढलं, पण नजर ताटावरून वर उचलली नाही. जेवण झालं तसा धर्मराज रोजच्यासारखा आपलं ताट उचलून मोरीकडे निघाला.

"ठेव खाली."

"आत्या, उष्टं..."

"ठेव म्हन्ते ना." ती त्याच्यासमोर उभी राहिली. "इतकी वरसं तुझी खडीसाखर म्याच धुवायला लावली म्हन की."

"तसं न्हाई गं आत्या." ताट अजून त्याच्या हातातच होतं. "तू घासायला शिकवलं नसतं तर माझ्या कामात कुठं ना कुठं घाण शिरली असती. विषाणूला फसवणारी कडी शुद्ध निघालीच नसती. एकदा चुकलो म्हणून खडा दिसला. बाकी सगळं तुझ्या घासण्यानंच झालं."

आत्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं, ताट घासलंय की नाही हे बघताना बघायची तसं. मग त्याच्या हातातलं ताट घेतलं, पुरणाच्या खरकट्यासकट मोरीच्या कडेला ठेवलं आणि धुतलेल्या फडक्यानं झाकलं. सगळ्यांची ताटं तशीच ठेवून तिनं मोरीकडे पाठ केली.

"राहू दे आज," ती म्हणाली. "बरकत आज घरातच बसलीया, डाक्टर होऊन. कुठं जात न्हाई ती."